क्रॅबचें ‘बरो’ : समुद्राकांठच्या गांवाचें काव्य

इंग्रजी काव्यांत समुद्र उदंड आहे. समुद्राच्या तोंडाशीं घर बांधून राहिलेलीं माणसें मात्र विरळा. बायरनला किनारा लागतो तो उभें राहून लाटांकडे पाहण्यापुरता. म्हणूनच जॉर्ज क्रॅबचें १८१० सालचें ‘द बरो’ हें चोवीस पत्रांचें दीर्घकाव्य पुन्हा वाचावें, असें आम्हांस वाटूं लागलें आहे. वर्गांत कित्येक वर्षें आम्ही त्यांतील बाविसावें पत्र तेवढें शिकवून पुढें जात असूं. बाकीचें आम्हांसच कंटाळवाणें वाटे, हें कबूल केलें पाहिजे.

क्रॅब इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ऑल्डबरा गांवीं १७५४ सालीं जन्मला. तेथें उत्तर समुद्र शतकानुशतकें जमीन कुरतडीत आला आहे. गांवाची जुनी कचेरी, मूट हॉल, एके काळीं वस्तीच्या मध्यावर होती. आज तिच्यापलीकडे गोट्यांची पुळणच लागते. जवळच्या स्लॉडन धक्क्यावर क्रॅबनें तरुणपणीं लोणी व चीज यांचीं पिपें हलविलीं. ती वस्तीही समुद्रानें गिळली. १ जानेवारी १७७९ रोजीं एका भरतीनें अकरा घरें जमीनदोस्त केलीं, असें त्याच्या मुलानें लिहिलेल्या चरित्रांत आहे.

इतकें पाहिलेला कवि बहुतेक पत्रें निवडणूक, वैद्य, वकील, खानावळी, तुरुंग यांवर खर्च करितो, आणि त्याचें यमकबद्ध द्विचरणी वृत्त एकाच मापाच्या विटा रचल्यासारखें चालतें. पण नववें पत्र पाहावें. एक हौशी मंडळी वनभोजनासाठीं समुद्रांतील वाळूच्या बेटावर जाते. होडी वाहून जाते, भरती चढूं लागते, आणि मघांचें रमणीय दृश्य पायांशीं येऊन पोहोंचतें. शेवटच्या घटकेस दुसरी होडी येते म्हणून मंडळी वांचते. येथें क्रॅबला एकही तात्त्विक शब्द लागत नाहीं. आपल्याकडील सृष्टिवर्णनांस हें फारसें साधलेलें नाहीं. ३ जून २०२० रोजीं रायगडच्या किनाऱ्यावर माडा-पोफळींच्या बागा आडव्या करणाऱ्या वादळाचें नांव ‘निसर्ग’ असावें, हा योगायोग आम्हांस अजून बोंचतो.

बाविसाव्या पत्रावरून बेंजामिन ब्रिटननें १९४५ सालीं ‘पीटर ग्राइम्स’ ही संगीतिका रंगभूमीवर आणली. तींतील वादळ भव्य आहे, पण तें ग्राइम्सच्या अंतःकरणाचें प्रतीक होऊन बसतें. क्रॅबचा ग्राइम्स हाताखालचीं तीन पोरें मेल्यावर चिखलांतून संथ सरकणारें ओहोटीचें पाणी एकटाच पाहत राहतो. आम्हांस हें शांत पाणी अधिक भयंकर वाटतें.

खरा वाद पहिल्या पत्राविषयीं आहे. रात्रीं एक जहाज संकटांत सांपडतें. गांव किनाऱ्यावर जमतें. अशा लाटांत कोणतीही होडी टिकावयाची नाहीं हें खलाशांस ठाऊक असतें. अखेर ते घरीं परततात. त्यावर कवीनें सोसण्याचा व प्रार्थनेचा जो उपदेश केला आहे, त्यानें आमचें समाधान होत नाहीं. परंतु त्याला लागूनच गांवांतील संध्याकाळच्या करमणुकींचें वर्णन सुरू होतें. हा रचनेचा दोष म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस दाखवीत असूं; आतां तसें दाखविण्यास आम्ही धजणार नाहीं. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्रीं समुद्र ऑल्डबरामध्यें शिरला. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर त्या पुरानें तीनशेंहून अधिक माणसें दगावलीं. त्याच वर्षीं जूनमध्यें, १९४८ पासून चालत आलेला गांवचा संगीतोत्सव भरला, आणि लोक गाणें ऐकावयास गेले.