उजेड वाढवला, बिघडले काय?

छायाचित्रातील लबाडीची चर्चा निघाली की नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठाचा दाखला हटकून दिला जातो. आडवे छायाचित्र उभ्या पानावर बसावे म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकवले होते. त्यातून एक सोपा नियम रूढ झाला: वस्तू हलवू नयेत, उजेड मात्र खुशाल कमीजास्त करावा. हा नियम मला अपुरा वाटतो.

टाइम साप्ताहिकाचा २७ जून १९९४ चा अंक पाहा. खुनाचा आरोप असलेला अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र मुखपृष्ठावर होते. मुख्य फेरफार उजेडाचाच. चेहरा गडद केलेला, कडा काळवंडलेल्या. न्यूजवीकने त्याच आठवड्यात तेच छायाचित्र मूळ रूपात छापले आणि शेजारी ठेवताच फरक उघडा पडला. कृष्णवर्णीय आरोपी अधिक काळा, म्हणून अधिक भीतिदायक! हे छायाचित्रावर बेतलेले चित्र आहे, अशी नोंद टाइमच्या आतल्या पानावर होती. हा बचाव लंगडा आहे. मुखपृष्ठ पाहून मत बनवणारा माणूस आतले पान शोधत बसत नाही.

मग वर्गाचे काळपट आलेले छायाचित्र उजळू नये काय? अवश्य उजळावे. कॅमेरा प्रत्येक बिंदूचा उजेड आकड्यांत नोंदवतो. नेहमीच्या चित्रात ० ते २५५. उघड्या खिडकीपाशी बसलेल्या मुलांचे चेहरे २०-३० च्या आसपास अडकतात. आपल्या डोळ्यांना ते वर्गात व्यवस्थित दिसत होते. सगळ्या चित्राला एकच सूत्र लावून हे आकडे वाढवले, तर झालेली नोंदच वाचनीय होते. खिडकी मात्र सर्वत्र २५५ असेल, तर बाहेरच्या ढगांची नोंदच उरलेली नाही. तिथे निळे आकाश भरणे ही सुधारणा नव्हे, रचलेली गोष्ट आहे.

रंगांचे प्रकरण अधिक नाजूक. वायकिंग-१ यानाने जुलै १९७६ मध्ये मंगळावरून पाठवलेल्या पहिल्या रंगीत चित्रात आकाश निळसर दाखवले गेले. पुढे रंगांचे गणित दुरुस्त केल्यावर ते धुळीमुळे गुलाबी-तांबूस असल्याचे दिसले. अशा पडताळणीसाठी यानावर ठाऊक रंगांचे तक्तेच बसवले होते.

शाळेतही हे सहज जमते. नत्राअभावी पिवळी पडलेली पाने विद्यार्थी मोबाइलवर टिपतात आणि मोबाइल कित्येकदा न विचारताच ती हिरवीगार करतो. इथे पिवळेपणा हाच तर प्रयोगाचा निष्कर्ष! पानाशेजारी पांढरा कागद ठेवून छायाचित्र घ्यावे. रंग जुळवताना कागद पांढरा दिसेल इतपतच, आणि सगळ्या चित्रात सारखा, बदल करावा. निरोगी व रोगट पान एकाच चित्रात घेतले तर उत्तमच. मूळ चित्र जपून ठेवावे आणि काय बदलले ते तक्त्यावर, चित्राच्या अगदी खाली लिहावे.