जिम्मा, हिशेब आणि देणं

इंग्रजीत रिस्पॉन्सिबिलिटी, अकाउंटेबिलिटी आणि लायबिलिटी असे तीन शब्द आहेत. मराठी बोलताना आपण तिन्हींना बहुतेक वेळा जबाबदारीच म्हणतो. त्यावरून आपली भाषाच अपुरी आहे, असा निष्कर्ष पुष्कळ जण काढतात. आम्हाला तो पटत नाही. शब्द आपल्याकडे आहेत. आपण ते घरी आणि मोंढ्यात वापरतो, कागदावर मात्र वापरत नाही.

उदाहरण आपल्या हिंगोलीचंच घेऊ. समजा, मोंढ्यात हळद विकायला आली. शेड भरलेलं, म्हणून पोती उघड्यावर राहिली. रात्री अवकाळी पाऊस झाला. शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणलेला माल भिजला, रंग गेला, भाव पडला. सकाळी सगळे विचारतात, ‘जबाबदार कोण?’ प्रश्न एकच दिसतो, पण त्यात चार आहेत. नुकसान कशामुळे झालं? माल सांभाळण्याचं काम कोणाकडे होतं? ते का झालं नाही, हे कोणी कोणाला सांगायचं? आणि भरपाई कोणी द्यायची? पहिल्या प्रश्नाला ‘पाऊस’ हे उत्तर ठीक आहे. पण ‘नुकसानीला पाऊस जबाबदार’ असं एकदा म्हटलं, की उरलेले तीन प्रश्न त्याच पावसात वाहून जातात. पाऊस कोणाला जबाब देणार?

इंग्रजीत हा घोळ होत नाही, असं समजू नका. एच. एल. ए. हार्ट यांनी १९६८ साली आलेल्या ‘पनिशमेंट अँड रिस्पॉन्सिबिलिटी’ या पुस्तकात बुडालेल्या जहाजाच्या दारुड्या कप्तानाची गोष्ट रचली आहे. तिथे ‘रिस्पॉन्सिबल’ हा एकच शब्द कप्तानाच्या पदाबद्दल येतो, त्याच्या चुकीबद्दल येतो, त्याच्या शुद्धीबद्दल येतो, कायद्याच्या शिक्षेबद्दल येतो. आणि कप्तान तोच शब्द वादळाला लावून मोकळा होतो! म्हणजे त्यांचं वादळ आणि आपला अवकाळी, दोघं सख्खे भाऊ.

मग सरकारी मराठीने काय केलं? अकाउंटेबिलिटीला ‘उत्तरदायित्व’ आणि लायबिलिटीला ‘दायित्व’ म्हटलं. आता बघा, जबाब म्हणजे उत्तरच. रिस्पॉन्सिबलच्या लॅटिन मुळातही उत्तर देणंच आहे. तेव्हा उत्तरदायित्व म्हणजे संस्कृत कपडे घातलेली जबाबदारी. कपडे बदलले, माणूस तोच. शिवाय दोन्ही शब्द इतके सारखे की ऐकणाऱ्याला फरक कळत नाही.

आपल्या बोलण्यात मात्र फरक चोख आहे. ‘हे काम माझ्या जिम्म्यावर’ म्हणजे सोपवलेलं काम. ‘हिशेब द्यावा लागेल’ म्हणजे अकाउंटेबिलिटी. त्या इंग्रजी शब्दाच्या पोटातही अकाउंट, म्हणजे हिशेबच आहे. आणि ‘मी तुमचं देणं लागतो’ म्हणजे लायबिलिटी. सालगड्यापासून सावकारापर्यंत कोणीही या तिघांत गल्लत करत नाही. कारण प्रत्येक वाक्यात माणूस दिसतो: कोणाकडे काम, कोणाला हिशेब, कोणाचं देणं.

या कसोटीवर एक नेहमीचं वाक्य तपासू. ‘दोषींची जबाबदारी निश्चित करण्यात येईल.’ कोण करणार? कोणाला सांगणार? कधी? वाक्यात कर्ता नाही, मुदत नाही. आमची टीका इंग्रजी शब्दांच्या उसनवारीवर नाही, या गायब झालेल्या कर्त्यावर आहे. कायद्याला हे नीट लिहिता येतं. २००५ चा माहिती अधिकार कायदा पाहा. माहिती कोणी द्यायची, किती दिवसांत द्यायची, हे त्यात आहे. विनाकारण टाळली तर त्या अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड, हेही आहे. म्हणजे जिम्मा, हिशेब आणि देणं, तिन्ही जागेवर.

तेव्हा भाषांतर करताना कोणता शब्द निवडायचा, असं विद्यार्थी विचारतात, त्यांना आपण एवढंच सांगू: आधी वाक्यातला माणूस शोधा. काम सोपवलंय, जाब विचारायचाय, की पैसे द्यायचेत, ते ठरवा. शब्द आपोआप सापडेल. आणि माणूस सापडलाच नाही, तर चूक शब्दकोशात नाही, त्या वाक्यात आहे. ते वाक्य ज्याने लिहिलं, त्यालाच जाब विचारला पाहिजे.