चौकटीबाहेरची तार
वन्यजीव छायाचित्रांमागच्या हकिगतींविषयी

वन्यजीव छायाचित्रांची पुस्तके आता मराठीतही निघतात, आणि दिवाळी अंकांत अशा छायाचित्रांशेजारी छायाचित्रकाराचा ‘अनुभव’ छापण्याची पद्धत रूढ झाली आहे. या अनुभवांचा एक साचा बनून गेला आहे. पहाटेची थंडी, पाणवठ्यावरचे तासन्‌तास ताटकळणे, वानरांचा इशारा, झुडपातून अवचित बाहेर आलेला वाघ, त्याची नजर आणि शेवटी ‘तो क्षण’. मजकूर वाचून संपतो, पण छायाचित्र कसे मिळाले ते कळत नाही. वाघ किती अंतरावर होता, आसपास गाड्या किती होत्या, वाघ या वाटेने येणार हे कोणी ओळखले, यातले काहीच त्यात नसते.

समीक्षेने या मजकुराची दखल घेतलेली नाही; छायाचित्राची पुरवणी म्हणून तो सोडून दिला जातो. मला तो छायाचित्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. चित्रकाराने रंगवलेल्या वाघाला साक्षीदार लागत नाही. छायाचित्रातला वाघ मात्र ‘हे असे घडले’ असा दावा करत असतो. त्या दाव्यावर विश्वास ठेवायचा तर चौकटीबाहेर काय होते ते समजले पाहिजे, आणि ते सांगण्याची दुसरी जागाच नाही.

या प्रकारच्या लेखनाची सुरुवात मात्र फार चांगली झाली होती. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे संयुक्त प्रांतातले वनाधिकारी. त्यांनी रात्री टिपलेली रानातल्या वाघांची छायाचित्रे १९२५ च्या ऑक्टोबरात ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये आली आणि १९२७ मध्ये ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक निघाले. त्यांची रीत अशी : वाघाच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आडवी तार बांधायची, वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅशची पूड पेटायची आणि कॅमेऱ्याचे झाकण उघडून मिटायचे. पूड एकदाच पेटणार, म्हणजे एका मांडणीला रात्रीतून एकच संधी. तीही वाघालाच मिळेल याचा भरवसा नाही. त्या वाटेने जाणारे कोणतेही जनावर तार ओढू शकते.

इथे आजच्या साच्यातला ‘तो क्षण’ संभवतच नाही. छायाचित्र निघते तेव्हा छायाचित्रकार तिथे नसतो. वाघ स्वतःच आपले छायाचित्र काढून निघून जातो. त्यामुळे चॅम्पियन यांच्याकडे सांगण्यासारखे जे उरते ते तयारीचे आहे : कोणती वाट निवडायची, तार किती उंचीवर बांधायची, कॅमेरा कुठे लपवायचा. वाघाने आपल्याकडे कसे पाहिले हे सांगण्याची सोयच नसल्यामुळे वाघ कसा चालतो, कुठून जातो हे त्यांना सांगावे लागले. या पाहण्यातूनच, प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि छायाचित्रे शेजारी ठेवून एक वाघ दुसऱ्यापासून ओळखता येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. सरकारी हत्ती, माहूत आणि खात्याची माणसे हाताशी असलेल्या साहेबाचे हे काम होते, हे विसरायचे कारण नाही. तरीही त्याची कृती वाचकाला कळते.

दुसरे उदाहरण जिम कॉर्बेट यांचे. मराठी वाचकाने कॉर्बेट वाचले ते नरभक्षकांसाठी. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ (१९४४) या पुस्तकाच्या अखेरीस ‘जस्ट टायगर्स’ हे छोटे प्रकरण आहे. शिकारीची थरारकथा नसल्यामुळे त्याची चर्चा क्वचितच होते. चॅम्पियन यांनी कॅमेऱ्याऐवजी बंदूक वापरली असती तर त्या कातड्यांचे केस केव्हाच झडून ती कचऱ्यात गेली असती, अशा अर्थाचे विधान कॉर्बेट तिथे करतात. मग ते स्वतःच्या चित्रफितीची हकिगत सांगतात. पन्नास यार्ड रुंदीच्या एका घळीत, लहानशा ओढ्याकाठी त्यांनी जागा निवडली. कॅमेऱ्याची घरघर वाघांना ऐकू येऊ नये म्हणून ओढा जागोजागी अडवून काही इंच उंचीचे धबधबे तयार केले. सात वाघ हेरून त्यांना थोडे थोडे करत त्या जागेपर्यंत आणले. सगळ्याला साडेचार महिने लागले. हजार फूट फिल्म सहा वाघांवर खर्ची पडली. तिच्यातली बरीचशी भिंगावरच्या ओलाव्याने, अपुऱ्या प्रकाशाने आणि घाईने फिल्म भरल्याने वाया गेली. सुमारे सहाशे फूट हाती लागली. अंतर होते दहा ते साठ फूट.

या छोट्या मजकुरात आकडे आहेत, ओढ्याचे पाणी आहे, वाया गेलेली फिल्मही आहे. आजच्या अनुभवलेखनात नसते ते सगळे इथे आहे. पण कॉर्बेटही एक गोष्ट गाळतात. वाघांना तिथवर ‘आणले’ म्हणजे कशाने आणले? आमिषाने की आणखी कशाने, याचा खुलासा त्यात नाही. वाक्य इतके सहज येते की प्रश्न पडण्याआधीच आपण पुढे गेलेलो असतो. या लेखनप्रकाराची नेमकी अडचण हीच आहे. छायाचित्रकार खोटे बोलतो असे क्वचितच घडते. तो सोयीचे गाळतो.

गाळलेले बाहेर आले तर काय होते, ते लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमशी संलग्न असलेल्या छायाचित्र-स्पर्धेत दिसले. २००९ चे सर्वोच्च पारितोषिक फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या छायाचित्राला मिळाले. हा लांडगा बहुधा शिकवलेला, माणसाळलेला असावा या निष्कर्षावर परीक्षक आले आणि जानेवारी २०१० मध्ये पारितोषिक काढून घेतले गेले. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की छायाचित्र जसेच्या तसेच होते. प्रकाश तोच, उडीही तीच. विश्वास उडाला तो त्यामागच्या हकिगतीवरचा, आणि तिच्यासोबत छायाचित्रही पडले.

यावर कोणी म्हणेल, चांगले छायाचित्र ते चांगले. रसिकाला मागची भानगड कशाला? पण याचे उत्तर आपल्याच विदर्भात आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. त्याची चित्रफीत पसरली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाड्या दिसत होत्या म्हणून ही घटना कळली. त्याच गर्दीतल्या एखाद्या लांब भिंगाने फक्त वाघीण आणि बछडे टिपले असते, तर ते मातृत्वाचे देखणे छायाचित्र ठरले असते, आणि खाली ‘तो क्षण’ आला असता. अशा वेळी हकिगत गाळणे हे वाघिणीवरच्या अन्यायावर पांघरूण घालणे ठरते. ही किंमत रसिक मोजत नाही, जनावर मोजते.

चॅम्पियन यांची तार पुढे वेगळ्या रूपाने परत आली. पट्ट्यांवरून वाघ ओळखून मोजण्याचे शास्त्र उल्लास कारंथ यांनी नागरहोळेत कॅमेरा-ट्रॅप लावून उभे केले. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लागले आणि साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रे निघाली. त्यांपैकी वाघांची होती ७६,६५१. ती कोणी भिंतीवर लावणार नाही. पण प्रत्येकाची जागा आणि वेळ नोंदलेली आहे, म्हणून ती पुरावा ठरतात.

छायाचित्रकाराने शास्त्रज्ञ व्हावे असे माझे म्हणणे नाही. थंडी, भीती, आनंद हे सगळे त्याने जरूर लिहावे. पण संपादकांनी त्याच्याकडून चार ओळी जास्तीच्या मागाव्यात : अंतर किती होते, आमिष किंवा लपण होते का, सोबत किती गाड्या होत्या, आणि जनावर कोणाला आधी दिसले. यातली शेवटची ओळ मला सर्वांत मोलाची वाटते. बहुतेक वेळा तिथे त्या जंगलालगतच्या गावातल्या एखाद्या गाईडचे नाव येईल, आणि आजवर ते कुठल्याच छायाचित्राखाली फारसे छापलेले नाही.