'काँग्रेस रेडिओ'चे आरोपी : नांवांच्या पाठशुद्धीचा प्रश्न

ताम्रपटांतील एका अक्षरासाठीं पानेंच्या पानें खर्चणारे आम्ही संशोधक अर्वाचीन नांवांविषयीं मात्र फारच उदार असतों. १९४२ सालीं मुंबईंत चाललेल्या गुप्त 'काँग्रेस रेडिओ'संबंधीं छापून आलेला मजकूर वाचतांना हा दोष पदोपदीं जाणवतो.

प्रथम निवेदिकेचेंच नांव घेऊं. उषाबेन यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजीं सुरतेजवळील सरस गांवीं झाला. त्यांचें आडनांव आपण 'मेहता' लिहितों. गुजराती लेखनांत तें 'महेता' असें आहे, म्हणजे मात्रा 'म'वर नसून 'ह'वर आहे. उच्चार तर दोहोंहून निराळा. गुजराती माणूस तो 'ह' सुटा उच्चारीत नाहीं. त्याचा श्वास स्वरांतच मुरतो, आणि कानीं पडतें तें आपल्या 'म्हणणें' यांतील 'म्ह'च्या सर्वांत जवळचें असतें. तथापि महिपतीच्या 'भक्तविजयां'तील नरसी मेहत्यामुळें परिचित झालेलें रूप मोडावें, असें आम्ही म्हणत नाहीं. (हिंगोलीकडे 'नरसी' म्हटलें कीं नामदेवांचें गांव आठवतें, आणि तेंही कोणी 'नर्सी' लिहितो, तेव्हां दुसऱ्यास हंसण्याचा आम्हांस अधिकार थोडाच!) मूळ गुजराती कागद उतरतांना मात्र 'महेता' हाच पाठ राखावा, एवढेंच म्हणणें.

उच्चाराच्या भेदानें कोणाचें नुकसान होत नाहीं. पुढील प्रमादानें मात्र झालें आहे. ४२.३४ मीटर लांबीच्या लहरीवरील ही नभोवाणी २७ ऑगस्ट १९४२ पासून ऐकूं येऊं लागली, आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांचा छापा पडला. खटल्यांतील पांच आरोपींत 'विठ्ठलदास' दोन होते : एक विठ्ठलदास माधवजी खाखर, ज्यांस सर्व 'बाबूभाई' म्हणत, दुसरे विठ्ठलदास झवेरी. तिसरे चंद्रकांत झवेरी, यांच्या वडिलांचेंही नांव बाबूभाईच. चौथ्या उषाबेन, पांचवे नानक मोटवाने. अशा गुंत्यांत सूचीकारानें किती जपावयास हवें! तरी कित्येक लेखांत बाबूभाईंचें आडनांव 'ठक्कर' छापलें गेलें आहे. खाखर व ठक्कर हीं दोन भिन्न आडनांवें आहेत. अपरिचित पाठ टाकून परिचित पाठ घेण्याची लेखकूंची जुनी खोड येथेंही दिसते. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, चंद्रकांतांना एका वर्षाची. सर्वांत जड, पांच वर्षांची, खाखरांना. ज्यानें अधिक भोगलें त्याचेंच नांव पुसलें गेलें, हें आम्हांस असह्य वाटतें.

डॉ. उषा ठक्कर यांच्या २०२१ सालच्या इंग्रजी ग्रंथानें खाखरांस त्यांचें स्थान परत दिलें, हा त्याचा मोठा गुण होय. (लेखिकेचें आडनांव ठक्कर असावें, हा योगायोग गमतीचा.) त्यांतील मुख्य आधार पोलिसांच्या टिपणांचा व खटल्याच्या कागदांचा आहे. प्रतिपक्षाच्या कारकुनांनीं ऐकून उतरलेलीं भाषणें हीच आज विश्वसनीय प्रत ठरावी, याचें हस्तलिखितसंग्राहकांस नवल वाटूं नये. मात्र ते कारकून रोमन लिपींत लिहीत. तींत ऱ्हस्व-दीर्घ, 'झ' व 'ज', 'ख' व 'क' यांचा भरंवसा नाहीं. म्हणून नांव गुजराती कागदावरून पडताळून, वडिलांच्या नांवासह व रूढ हांकेसह नोंदावें.

निर्दोष सुटलेले विठ्ठलदास झवेरी पुढें 'विठ्ठलभाई' या नांवानें दी. गो. तेंडुलकर यांच्या 'महात्मा' या आठ खंडांच्या चरित्राशीं (१९५१-५४) निगडित झाले. 'दास' आणि 'भाई' हीं एकाच माणसाचीं नांवें आहेत, हेंही सूचींत एकदां लिहून ठेवावें.