उद्घाटनानंतरचे रंगमंदिर

कलेच्या वास्तूचे समीक्षण आपल्याकडे बहुधा तिच्या उद्घाटनाच्या सुमारास होते. वास्तुविशारदाचे नाव, खर्चाचा आकडा, आसनांची संख्या आणि दर्शनी भागाचे छायाचित्र एवढे छापून आले, की त्या वास्तूविषयी लिहिण्यासारखे संपले असे आपण धरून चालतो. नाटकाचे परीक्षण पहिल्या प्रयोगावरून करता येते; रंगमंदिराचे तसे करता येत नाही. त्याला पंचवीस-तीस पावसाळे काढू द्यावे लागतात. शासनाने जनतेच्या पैशातून शहरात कलेसाठी घर बांधणे म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे असेल तर पणजीच्या कांपाल भागात मांडवीच्या काठी उभ्या असलेल्या कला अकादमीकडे या दृष्टीने पाहावे.

कला अकादमी ही संस्था १९७० साली स्थापन झाली. तिची आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी आखली आणि १९८३ साली ती पूर्ण झाली. कोरिया मूळ गोमंतकीय कॅथलिक घराण्यातले, जन्म सिकंदराबादचा, कर्मभूमी मुंबई. दादरचे पोर्तुगीज चर्च ज्यांनी आतून पाहिले आहे, त्या आपल्या वाचकांना त्यांची ओळख वेगळी करून द्यायला नको. बंद भिंतींचा दरारा त्यांना मानवत नसे. कला अकादमीतही तेच दिसते. इमारत उंच नाही. ती आडवी पसरली आहे, झाडांच्या उंचीशी स्पर्धा करीत नाही. रस्त्याच्या बाजूने आत शिरावे, मांडवाखालून चालत जावे आणि नदीच्या काठाशी निघावे, अशी तिची रचना. तिकीट काढलेल्या माणसाइतकाच नुसता फिरायला आलेला माणूसही तिथे पाहुणा ठरतो. शासकीय इमारतीत शिरताना आपल्या पावलांना जो संकोच वाटतो, तो इथे वाटत नाही.

दीनानाथ मंगेशकरांचे नाव असलेल्या मुख्य प्रेक्षागृहात सुमारे हजार माणसे बसतात. त्याच्या भिंतींवर जुन्या नाट्यगृहातील सज्जे रंगवले आहेत आणि त्या सज्ज्यांत मारियो मिरांडा यांच्या कुंचल्यातली गोमंतकीय मंडळी बसलेली आहेत. नाटकाला माणसे कमी आली तरी सभागृह ओके वाटू नये, ही त्यामागची योजना. ही कल्पना गमतीची आहे, आणि गंभीरही. सार्वजनिक रंगमंदिरात गर्दीच्या प्रयोगाइतकाच अर्ध्या भरलेल्या प्रयोगाचाही हक्क असतो, हे त्या चित्रकाराला आणि वास्तुविशारदाला ठाऊक होते. गल्ल्यावर चालणाऱ्या नाट्यगृहाला ही चैन परवडत नाही.

परंतु माझ्या मते या वास्तूचे सर्वांत मोठे यश तिच्या रेषांमध्ये नाही. गोव्यात रंगभूमीचे दोन प्रवाह पिढ्यान्‌पिढ्या शेजारी-शेजारी वाहत आले. एक देवळांच्या उत्सवातील मराठी नाटकाचा: गावकऱ्यांनी बसवलेले, मंदिराच्या प्रांगणात रात्रभर चालणारे. दुसरा तियात्राचा: कोकणी, बहुतांशी ख्रिस्ती कलावंतांचा, फेस्ताच्या निमित्ताने मांडवात रंगणारा, मधूनमधून कांतारांतून राजकारण्यांना चिमटे काढणारा. दोघांचे प्रेक्षक वेगळे, भाषा वेगळी, अंगणेही वेगळी. देवळाच्या प्रांगणात तियात्र होत नसे आणि चर्चच्या मांडवात संगीत नाटक होत नसे. यात वैर होते असे नव्हे. प्रत्येकजण आपापल्या घरी होता, इतकेच. कला अकादमीने मराठी नाट्यस्पर्धा आणि तियात्र स्पर्धा एकाच छताखाली आणल्या. त्याच इमारतीत हिंदुस्थानी संगीताचे वर्ग आणि पाश्चात्त्य संगीताचेही वर्ग. जी जागा कोणा एका समाजाची नव्हती, म्हणून सर्वांना आपली म्हणता आली, ती जागा शासनाच्या पैशाशिवाय उभी राहिली नसती. देऊळ ती बांधू शकले नसते, चर्चही नाही, आणि व्यापारी तर मुळीच नाही.

म्हणूनच पुढे जे घडले ते अधिक जिव्हारी लागते.

२०१९ साली तेथील खुले रंगपीठ पाडण्याची भाषा शासकीय पातळीवरून ऐकू आली. कोरियांच्या नावाने काम करणाऱ्या प्रतिष्ठानाने हरकत घेतली, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने दखल घेतली आणि पाडण्याऐवजी दुरुस्तीचे ठरले. २०२१ साली अकादमी नूतनीकरणासाठी बंद झाली. निविदा न मागवता कंत्राट दिल्यावरून विधानसभेत वाद झाला, तेव्हा शाहजहाननेही ताजमहालासाठी दरपत्रके मागवली नव्हती, असे उत्तर कला व संस्कृती खात्याच्या मंत्र्यांनी दिले. (शाहजहानला विधानसभेत उत्तरे द्यावी लागत नव्हती, हा भेद बहुधा सुटला असावा.) काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये त्याच खुल्या रंगपीठावरील छत कोसळले. रात्रीची वेळ होती, म्हणून जीवितहानी झाली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाली; खर्च पन्नास कोटींच्या पुढे गेला होता. त्यानंतरही ध्वनी, प्रकाशयोजना, रंगमंच आणि गळती यांविषयी कलावंतांच्या तक्रारी थांबल्या नाहीत. ‘कला राखण मांड’ या नावाने ते एकत्र आले, आणि २०२४ साली मराठी रंगभूमीवरील दिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाला कृती दल नेमावे लागले.

यातील दोषी कोण, हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. त्यासाठी चौकशी करणाऱ्या यंत्रणा आहेत. मला या प्रकरणात एक जुना रोग दिसतो आणि तो एखाद्या मंत्र्यापुरता वा कंत्राटदारापुरता नाही. शासनाच्या हिशेबात खर्चाचे दोन कप्पे असतात: भांडवली आणि महसुली. वास्तू उभारणे पहिल्या कप्प्यात. वीज, पगार, गच्चीची डागडुजी, गंजलेल्या सळईवरचा लेप, ध्वनियंत्रणा जाणणारा तंत्रज्ञ, हे सारे दुसऱ्यात. पहिल्या कप्प्यातील खर्चाला कोनशिला लागते. दुसऱ्यातील खर्चाचे छायाचित्र निघत नाही, आणि काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री त्यावरच चालते. मांडवीच्या मुखाशी खारा वारा, त्यात चार महिने कोकणचा पाऊस. अशा जागी काँक्रीटची देखभाल दरवर्षी करावी लागते. चाळिशीला आलेले रंगमंदिर दोन वर्षांहून अधिक काळ संपूर्ण बंद ठेवावे लागले, याचा अर्थ वर्षावर्षाला थोडे थोडे व्हायला हवे होते ते काम साठत गेले आणि शेवटी त्याचे एक मोठे, कोट्यवधींचे प्रकरण झाले. लहान दुरुस्ती करणारा गवंडी अकादमीला ओळखत असतो. मोठे नूतनीकरण करणाऱ्याला ती एक साइट असते.

‘शासनाने नाटकासाठी घर बांधावेच कशाला?’ असा प्रश्न आपल्यापैकी काही विचारतात, आणि तियात्राचेच उदाहरण देतात. ते उदाहरण वजनदार आहे. पहिला तियात्र १८९२ साली मुंबईत झाला, भाड्याच्या नाट्यगृहात, कोणत्याही अनुदानाविना. तेव्हापासून ही कला तिकिटावर जगत आली आहे. परंतु तिकिटावर मंडळी जगते, प्रयोग उभा राहतो. शहरातील आजच्या जमिनीच्या भावात हजार आसनांचे सभागृह तिकिटावर उभे राहत नाही. मडगावच्या रवींद्र भवनात ‘पाय तियात्रिस्त’ जुवांव आगुस्तीन फर्नांडिस यांच्या नावाचे प्रेक्षागृह आहे. भाड्याच्या रंगमंचावर वाढलेल्या कलेला राज्याने दिलेली ही पोचपावती मला योग्य वाटते. माझी तक्रार शासन घर बांधते ही नाही. घर बांधून ते चावी टाकून निघून जाते, ही आहे.

हा दोष केवळ आपल्या मातीचा नव्हे. ब्रिटनमध्ये १९९४ साली राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली आणि तिच्या उत्पन्नाचा एक वाटा कलेकडे वळला. आरंभीच्या वर्षांत तो जवळजवळ सर्वस्वी बांधकामासाठीच मिळत असे. चालू खर्चासाठी नाही. बर्मिंगहॅमजवळच्या वेस्ट ब्रॉमविच या कामगारवस्तीच्या गावात ‘ज्युबिली आर्ट्स’ नावाची एक लहानशी संस्था १९७४ पासून वस्त्यांमध्ये जाऊन काम करीत होती. एका दुमजली बसमधून तिचे कलावंत लोकांच्या दारी जात, त्यांच्याकडून नाटके बसवून घेत, छायाचित्रण शिकवीत. बांधकामाचा पैसा उपलब्ध आहे म्हटल्यावर या संस्थेनेही वास्तूचे स्वप्न पाहिले. विल ऑल्सॉप या नामांकित वास्तुविशारदाने काळ्या पेटीसारखी, गुलाबी खिडक्यांची भव्य इमारत आखली. तिचे नाव ‘द पब्लिक’. खर्च वाढत सात कोटी पौंडांच्या घरात गेला. इमारत पुरी होण्याआधीच, २००६ साली, संस्था दिवाळखोरीत निघाली. इमारत २००८ साली उघडली, २०१३ च्या नोव्हेंबरात बंद झाली, आणि तिथे महाविद्यालय आले. बसमधून तीस वर्षे चाललेले काम इमारतीत पोहोचण्यापूर्वीच संपले होते. त्या गावातील लोकांना कलेची आवड नव्हती, असे म्हणणारे तेव्हाही भेटले; ते मला पटत नाही. बस दारी येत होती, तोवर आवड होती.

विल्यम टिंडेलपासून आजवरच्या इंग्रजी धर्मोपदेशकांनी बुरूज बांधणाऱ्याच्या दृष्टांतावर पुष्कळ प्रवचने केली असतील. त्या दृष्टांतातील माणसाचा बुरूज अर्धवट राहतो म्हणून लोक हसतात. आपल्या काळातील बुरूज पुरे होतात. हिशेब चुकतो तो त्यानंतरच्या वर्षांचा.

कोरियांच्याच हातची दुसरी वास्तू, भोपाळचे भारत भवन, इथे आठवते. फेब्रुवारी १९८२ मध्ये ते उघडले तेव्हा इमारतीबरोबर माणसेही आली होती. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी तरुणांना मध्य प्रदेशाच्या आदिवासी गावांत पाठवून चित्रे आणि चित्रकार शोधून काढले. पाटणगढचा जनगढसिंह श्याम त्यातूनच जगापुढे आला. ब. व. कारंत यांच्याकडे रंगमंडल सोपवले, आणि त्यातील नटांना पगार होता. पुढच्या काळात तिथेही ओढाताण झाली, तिचा तपशील वेगळा. पण पहिल्या काही वर्षांत त्या भवनातून जे निघाले, ते विटांसाठी दिलेल्या पैशातून निघाले नव्हते. नटांचे पगार आणि प्रवासाचे भत्ते यांसाठी दिलेल्या पैशातून निघाले होते. आणि तोच पैसा मिळवणे सर्वांत अवघड असते.

आता आपल्या अंगणाकडे येतो, कारण हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांपर्यंत आलेला आहे. १९९३ च्या डिसेंबरात खासदार निधीची योजना सुरू झाली. २०११-१२ पासून प्रत्येक खासदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. प्रार्थनास्थळांसाठी तो निधी वापरता येत नाही आणि ते रास्तच आहे. नोंदणीकृत न्यास वा संस्था मात्र काही अटींवर समाजगृहासारख्या कामासाठी पात्र ठरू शकतात, आणि आपल्या अनेक मंडळांचे डोळे तिकडे लागलेले असतात. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले होते, की जमीन संस्थेची राहू शकते, परंतु बांधकाम राज्य शासनाच्या मालकीचे राहील, आणि त्याची देखभाल संस्थेने स्वखर्चाने करावी. या सूचना २०२३ साली सुधारण्यात आल्या, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या मुळातून वाचाव्यात. ऐकीव माहितीवर विसंबू नये. देखभाल संस्थेकडे ठेवण्याची अट मला जाचक वाटत नाही. ती प्रामाणिक आहे. कला अकादमीच्या बाबतीत जे कोणी आधी बोलले नाही, ते इथे पहिल्याच कागदावर लिहिलेले असते.

तरीही या सभागृहांच्या प्रस्तावांत मला सहसा एकच पान आढळते: बांधकामाचा अंदाज. रखवालदाराचा पगार, पंख्यांचे आणि दिव्यांचे बिल, पावसाळ्यापूर्वी गच्चीला लावायचे डांबर, दहा वर्षांनी बदलावी लागणारी ध्वनियंत्रणा, यांचे दुसरे पान जोडलेले नसते. लग्नसराईच्या भाड्यातून ते निघेल असे तोंडी सांगितले जाते. ते निघेलही, पण मग तारखा लग्नांना जातील आणि नाटकाची तालीम पुन्हा शाळेच्या वर्गात होईल. तिसरा एक प्रश्नही राहतो. शासनाच्या पैशाची वास्तू सर्वांसाठी खुली असावी लागते. पलीकडच्या आळीतील भजनी मंडळाने वा हौशी नाट्यसंस्थेने तालमीसाठी सभागृह मागितले तर ते कोणत्या दराने द्यायचे? माझ्या मते, आपल्या युवक संघाला ज्या दराने देतो त्याच दराने, आणि तो दर भाडेपत्रकात पहिल्या दिवसापासून छापलेला असावा.