बोनस कोणाचा, बटण कोणाचं?

ॲपमध्ये कुणीही न मागितलेलं बटण अचानक उगवलं की आपण म्हणतो, "यांना लोकांना काय हवंय ते कळतच नाही." माझं म्हणणं जरा वेगळं आहे. बऱ्याचदा त्यांना ते चांगलं कळतं. फक्त त्यांचं प्रगतिपुस्तक तुमच्या हातात नसतं.

गुगल प्लस आठवतंय? एप्रिल २०११मध्ये लॅरी पेज गुगलचे सीईओ झाले. फेसबुकची धास्ती होतीच. त्याच महिन्यात बातमी आली, की 'सोशल'मध्ये कंपनीला किती यश मिळतं त्यावर कर्मचाऱ्यांचा त्या वर्षीचा बोनस २५ टक्क्यांपर्यंत वर-खाली होणार. ज्यांचा त्या कामाशी संबंध नाही, त्यांचाही. जूनमध्ये गुगल प्लस आलं.

आता इथंच घोडं पेंड खातं. लोकांना एखादी गोष्ट आवडणं मोजायला अवघड. खाती मोजायला सोपी. मग खाती वाढवायची कशी? नोव्हेंबर २०१३पासून यूट्यूबवर साधी कमेंट करायलाही गुगल प्लस लागू लागलं. यूट्यूबचे सहसंस्थापक जावेद करीमही जाहीरपणे वैतागले. २०१५मध्ये गुगलने ही सक्ती मागे घ्यायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०१८मध्ये तर कंपनीनेच सांगून टाकलं, की गुगल प्लसवरची ९० टक्के सेशन्स पाच सेकंदांच्या आत संपतात. एप्रिल २०१९मध्ये सामान्य लोकांसाठीचं दुकान बंद.

हे सगळं एकट्या बोनसमुळे झालं, असं मी म्हणणार नाही. सगळ्यांनी एका दिशेने पळावं असं नव्या सीईओला वाटणं यातही गैर काही नाही. पण वरून एवढा मोठा इशारा आल्यावर "हे लोकांना नकोय" असं मीटिंगमध्ये कोण बोलणार? बोलणाऱ्याने सगळ्या टीमच्या पगाराला हात घातल्यासारखं होतं.

तुमच्यापैकी बरेच जण अशाच कंपन्यांत असतील. प्रमोशनच्या कागदावर 'नवीन लाँच केलं' हे उठून दिसतं. 'जुनं नीट चालू ठेवलं' याला फारसं कुणी विचारत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार! तेव्हा पुढच्या वेळी रोडमॅपवर एखादं फीचर कारण नसताना वर सरकलं, तर "युजरला याचा काय उपयोग?" यासोबत आणखी एक प्रश्न विचारा: हे आलं नाही, तर बोनस कोणाचा कापला जाईल?