‘एकसंपाती’ या संज्ञेचा अर्थ

भूमितीच्या वर्गात ‘एकसंपाती रेषा’ म्हणजे ‘एकमेकींस छेदणाऱ्या रेषा’ एवढाच अर्थ पुष्कळदा घेतला जातो. तो अपुरा आहे. एका प्रतलातील दोन भिन्न रेषा समांतर नसतील तर परस्परांस छेदणारच. त्यात सिद्ध करण्याजोगे काही नाही. तिसरी रेषा त्याच बिंदूतून जाते, हे मात्र सिद्ध करावे लागते. मध्यगा, शिरोलंब, कोनदुभाजक यांविषयीच्या प्रमेयांचे मर्म या तिसऱ्या रेषेत आहे, आणि संज्ञेतील ‘एक’ हे पद तिच्याचसाठी आहे.

‘संपात’ हा शब्द ‘पत्’ धातूस ‘सम्’ उपसर्ग लागून सिद्ध होतो : एकत्र येऊन पडणे. आर्यभट (इ. स. 499) परस्परांस छेदणाऱ्या वर्तुळांच्या संदर्भात ‘संपातशर’ म्हणतो, समलंब चौकोनाचे कर्ण जेथे मिळतात तेथून समांतर बाजूंवर टाकलेल्या लंबांस ‘स्वपातलेखा’ म्हणतो. भास्कराचार्य लीलावतीत दोन वेळूंच्या मूळ-अग्रांस जोडणाऱ्या सूत्रांचा ‘योग’ सांगतात. ज्योतिषातील वसंतसंपातही क्रांतिवृत्त आणि विषुववृत्त या दोहोंचाच. या सर्व स्थळी भेट दोघांची आहे. तेव्हा शब्द प्राचीन असला तरी ‘एकसंपाती’ची मर्यादा प्राचीन आधारावर ठरविता येत नाही, असेच म्हणावे लागते.

हा प्रश्न वऱ्हाडास परका नाही. लीलावतीवर ‘निसृष्टार्थदूती’ ही टीका लिहिणाऱ्या मुनीश्वराचे (जन्म 1603) घराणे मूळचे विदर्भातील पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे. मूर्तिजापूरच्या उत्तरेस वाहणारी पूर्णा हीच पयोष्णी मानली जाते. शिवाय हा प्रदेश 1956 पर्यंत मध्यप्रदेशात होता, आणि हिंदी पाठ्यपुस्तकांशी त्याची जवळीक आजही आहे. हिंदीत ‘संपाती’ म्हणजे एकीवर एक तंतोतंत बसणाऱ्या रेषा. एका बिंदूतून जाणाऱ्या रेषांस तेथे ‘संगामी’ म्हणतात. मराठी विद्यार्थ्याने ‘एक’ गाळून नुसते ‘संपाती’ लिहिले, की हिंदी वाचणाऱ्या परीक्षकापुढे तो भलतेच विधान करून बसतो. ‘संगामी’ मराठीत घ्यावा, अशी सूचना यावर सहज सुचते. परंतु ‘शिरोलंबसंपात’, ‘मध्यगासंपात’ ही सारी संज्ञामालिका त्यामुळे मोडेल.

मूर्तिजापूर जंक्शन हे या संज्ञेचे सोयीचे, पण फसवे उदाहरण होय. मुंबई-नागपूर लोहमार्ग आणि अचलपूर व यवतमाळकडील, आता वाहतूक थांबलेले अरुंद मार्ग नकाशावर एका ठिपक्यात मिळतात. जमिनीवर मात्र 1676 आणि 762 मिलिमीटर रुंदीचे रूळ आपापल्या फलाटांशी येतात, आणि त्यांचा सामाईक असा बिंदू कोठेच दाखविता येत नाही.